कागदावरचे साल

माझा जन्म 1 जून 1959 रोजी झाला, असे भारत सरकारचे मत आहे. आईचे मत निराळे आहे. तिच्या हिशेबाने मी त्या वर्षीच्या कार्तिकातला. दिवाळी होऊन आठवडा लोटला होता, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते आणि सुईण आली ती चकली खातच आली, इथपर्यंत तपशील ती देते. परंतु शाळेत नाव घालावयाच्या दिवशी वडिलांना तिथी आठवेना आणि हेडमास्तरांना घाई होती. त्या काळी सांगलीकडे हेडमास्तरांना घाई असली की मुले 1 जूनला जन्मत. माझ्या वर्गात आम्ही अकराजण त्या एकाच दिवशी जन्मलो होतो.

सरकारी नियम असा की, महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला मनुष्य आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. तदनुसार हिशेबतपासणी खात्यात पस्तीस वर्षे काढून मी 31 मे 2019 रोजी दिल्लीत निवृत्त झालो. आईच्या कालगणनेप्रमाणे माझी साठी भरावयास तेव्हा पाच महिन्यांहून अधिक अवकाश होता. हेडमास्तरांच्या त्या घाईने माझा किती पगार बुडाला, याचा आकडा मी एकदा काढला होता. तो येथे देत नाही. गुरुजनांविषयी आदर असावा.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, निवृत्तीनंतर मी एक जुनी मोटार घ्यावयास निघालो आणि तिच्या सालाच्या प्रश्नात असा काही गुंतलो की, माझ्या स्वतःच्या सालाचा घोटाळा मला पुन्हा आठवला.

मोटार साधी नव्हती. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीलगत बसलेली, जर्मन नावाची: पोर्शे केमन. अशा गाडीला कूपे म्हणतात. निवृत्त लेखापरीक्षा अधिकाऱ्याने कूपे घ्यावयास निघावे, हे वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही गेल्या होत्या. परंतु इच्छा जुनी होती. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाशी एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड होती, दोन दारांची. संध्याकाळी ते घरी येत, दार लांबवर उघडे आणि त्यातून एकटे डॉक्टर उतरत. चार दारांच्या गाडीतून बिऱ्हाड उतरते. दोन दारांच्या गाडीतून माणूस उतरतो, असे काहीतरी तेव्हा माझ्या मनाने घेतले. पुढे नोकरीत कचेरीची ॲम्बॅसडर मिळाली. तिच्या मागल्या आसनावर फायली मांडीवर घेऊन मी ग्वाल्हेर, राजकोट, अलाहाबाद येथले रस्ते तुडवले. स्वतःची आधी फियाट झाली, मग मारुती. त्या गाड्यांनी मुलांना शाळेत पोचवले, पाहुण्यांना स्टेशनावरून आणले, एकदा तर लोणच्याच्या बरण्या घेऊन झाशीपर्यंत प्रवास केला. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

नोकरीत असतानाच कूपे का घेतली नाही, असे कोणी विचारील. पैसा हे एक कारण. दुसरे आचरण नियम, 1964. त्यातील नियम 18 प्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली की, महिन्याच्या आत खात्यास कळवावे लागते. कळवण्यास माझी हरकत नव्हती. परंतु वस्तूच्या वर्णनासमोर मी 'क्रीडा-कूपे, एक' असे लिहिले आहे आणि कोणी सहायक ते शेजारच्या टेबलावरील सहायकास वाचून दाखवीत आहे, हे दृश्य मला सोसवत नव्हते. म्हणून थांबलो. निवृत्तीनंतर उपदान हाती आले. त्याची कमाल मर्यादा त्या वेळी 20 लाख होती. त्यात थोडी शिल्लक घातली तर दहा-अकरा वर्षांची जुनी केमन बसत होती.

पत्नीला मी हे बेताबेताने सांगितले.

"केमन म्हणजे काय हो?" तिने विचारले.

"दक्षिण अमेरिकेकडची मगरीची एक जात."

"मग त्याला एवढे पैसे कशाला? भिलवडीच्या घाटावर जाऊन बसू. फुकट दिसतात."

कृष्णेतल्या मगरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या युक्तिवादाचे वजन कळेल. मी तूर्त गप्प बसलो. त्या दिवसांत आमच्या घरी कृष्णेचे नाव निघाले की सगळेच जरा गप्प बसत, कारण ऑगस्ट 2019 चा महापूर नुकताच होऊन गेला होता. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण वडिलांनी तांबड्या रंगाने करून ठेवली होती. या वेळचे पाणी ती खूण बुडवून वर गेले. शेजाऱ्यांनी आईला वरच्या मजल्यावरून होडीत घेतले, आणि पाणी उतरल्यावर मी तिला दिल्लीस घेऊन आलो. ती आमच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत बसून असे. रोज संध्याकाळी एकच प्रश्न: "घर वाळलं का रे?"

क्वार्टर नोव्हेंबरअखेर सोडावयाचे होते. त्यानंतर कोठे राहावयाचे, हे मात्र आम्ही एकमेकांना विचारीत नव्हतो. दिल्लीत वीस वर्षे झाली होती. पत्नीच्या मैत्रिणी, गाण्याचा क्लास, महाराष्ट्र मंडळ, सगळे येथे. माझे डॉक्टर येथे. द्वारकेला एक भाड्याची जागा पाहून ठेवली होती. 'बघू', हा शब्द त्या तीन महिन्यांत आमच्या घरी फार चालला.

अशा वेळी मनुष्य मोटार पाहावयास जातो. मीही गेलो. पश्चिम दिल्लीत जुन्या विलायती गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे दोन केमन उभ्या होत्या. एक रुपेरी, एक गडद निळी. रुपेरी ही 'एस', म्हणजे मोठ्या इंजिनाची: 3.4 लिटर, 295 अश्वशक्ती. निळी साधी: 2.9 लिटर, 265 अश्वशक्ती. विक्रेता उमदा होता. "दोनों दो हज़ार नौ मॉडल हैं, सर. गाड़ी क्या है, मक्खन है." रुपेरीची किंमत त्याने 26 लाख सांगितली, निळीची 29.

मी थबकलो. साल एक, आणि कमी शक्तीची गाडी अधिक किमतीची! ज्या हिशेबात उणा माल चढ्या भावाने जातो, तेथे थांबून मागची पाने उलटावीत, हे आमच्या खात्याचे पहिले शिक्षण. मी सवयीने रुपेरीचे पुढचे झाकण उघडले. आत इंजिन नव्हते. गालिचा अंथरलेली रिकामी पेटी होती. मागचे उघडले, तेथेही पेटीच. या गाडीचे इंजिन आसनांच्या पाठीशी, झाकणाखाली दडलेले असते. तेल आणि पाणी घालावयाची दोन तोंडे तेवढी मागल्या पेटीच्या कडेला दिसतात. यंत्र पाहू देत नाही म्हटल्यावर मी कागद मागितले.

कागदांत सगळे होते. नोंदणीपुस्तिकेत नोंदणीची तारीख असते आणि तिच्याखेरीज उत्पादनाचा महिना व साल असते. घेणारे पहिली पाहतात, दुसरे पाहत नाहीत. रुपेरी जानेवारी 2009 मध्ये नोंदलेली, परंतु मे 2008 मध्ये बनलेली. निळी एप्रिल 2009 मध्ये बनलेली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोंदलेली. शिवाय चेसिसवर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातले दहावे अक्षर कारखान्याच्या लेखी गाडी कोणत्या मॉडेल-वर्षाची ते सांगते. रुपेरीचे दहावे अक्षर 8 होते, निळीचे 9. दोघींवर 2009 चा शिक्का, पण एक 8 ची आणि एक 9 ची. मोटार आधी बनते आणि मागाहून नोंदली जाते. मी आधी नोंदला गेलो आणि मागाहून जन्मलो. एरवी प्रकार तोच.

त्या क्रमांकातले अकरावे अक्षर दोघींचेही 'यू' होते. ते कारखान्याचे. नाव जर्मन असले तरी त्या काळच्या केमन फिनलंडमधील उसिकाउपुंकी या लहानशा गावी, वाल्मेट नावाच्या कंपनीत जोडल्या जात. मूळ एकीकडचे, घडण दुसरीकडची आणि आयुष्य तिसरीकडे; अशा जिनसांविषयी मला आपोआप जवळीक वाटते, आणि हे पान वाचणाऱ्या पुष्कळांनाही वाटत असावी.

आता 8 आणि 9 यांत एवढे काय आहे? बाहेरून पाहाल तर दिव्यांची घडण थोडी निराळी. खरा फरक झाकणाखाली आहे, आणि तो समजावून घेताना मला रेल्वेतल्या एका स्नेह्याची मदत झाली. ते यांत्रिक विभागातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे. या गाड्यांच्या 2008 पर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोचवावयास मध्ये एक दांडा असे. त्याचे एक टोक एका बेअरिंगवर फिरते. हे बेअरिंग ग्रीस भरून, दोन्ही बाजूंनी बंद करून बसवलेले असते. काळाने त्याची सीले ढिली होतात, इंजिनातले तेल आत शिरते आणि ग्रीस धुऊन नेते. मग बेअरिंग घासू लागते. ते निकामी झाले की साखळ्यांची वेळ चुकते, वाल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. दुरुस्ती नाही, नवे इंजिन.

भीती सगळ्या सालांना सारखी नाही, हे सांगितले पाहिजे. प्रारंभीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचे बेअरिंग असे. 2000 च्या सुमारास एका रांगेचे आले, आणि 2005 पर्यंत जे चालले त्या एकेरी बेअरिंगाने सर्वांत जास्त दगा दिला. अमेरिकेत मालकांनी मिळून त्यावर दावा केला व 2013 मध्ये तडजोड झाली. 2006 ते 2008 च्या गाड्यांत बेअरिंग मोठे केले आणि तक्रारी पुष्कळच घटल्या. मात्र त्यात एक मेख राहिली: लहान बेअरिंग बाहेरून काढून बदलता येई, हे मोठे बाहेर काढावयाचे तर सारे इंजिन दुभंगावे लागते. 2009 च्या मालिकेसाठी इंजिन नव्याने आखले गेले आणि तो मधला दांडाच काढून टाकला. दुखणे बरे केले नाही, अवयवच वगळला. सोबत पाच गतींच्या जुन्या स्वयंचलित गिअरपेटीऐवजी सात गतींची, दोन क्लचांची नवी पेटी मिळू लागली. जाणकार मनुष्य 9 साठी तीन लाख अधिक का मोजतो, ते आता ध्यानात येईल.

स्नेह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आमच्याकडे गाडी स्टेशनात शिरली की एक माणूस प्रत्येक ॲक्सलबॉक्सला हात लावत जातो. तापलेलं लागलं की डबा कापून बाजूला काढतात. तुमच्या या बेअरिंगला हात कुठून लावणार?"

हात लावता येत नाही, हीच अडचण. परंतु अप्रत्यक्ष पुरावा मिळतो. तेलाची गाळणी काढून कापावी, आतला घडीचा कागद पांढऱ्या फडक्यावर पसरावा आणि उन्हात धरावा. बेअरिंग झिजत असेल तर त्यात धातूचा चुरा चमकतो. 3.4 लिटरच्या त्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचेही एक दुखणे आहे. त्यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडून पाहतात. मी विक्रेत्याच्या परवानगीने एक स्वतंत्र कारागीर आणला आणि दोन्ही गाड्या त्याच्या हवाली केल्या. रुपेरीच्या गाळणीत काळेपणाखेरीज काही निघाले नाही. भिंती स्वच्छ होत्या.

मग त्याने इंजिनाच्या संगणकाला यंत्र जोडले, आणि तेथे मला माझ्या खात्याला शोभेल असा एक आकडा सापडला. इंजिन एकंदर किती तास चालले, याची नोंद आत राहते. किलोमीटरांचा आकडा समोर असतोच. त्यास तासांनी भागले की गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग निघतो. रुपेरी 44,000 किलोमीटर, 1,610 तास: ताशी सत्तावीस. दिल्लीत, अधूनमधून आग्रा-जयपूर धरून, हे पटण्यासारखे आहे. निळी 21,000 किलोमीटर, 1,480 तास: ताशी चौदा.

चौदा! हा सायकलचा वेग झाला.

"सर, दिल्ली का ट्रैफिक," विक्रेता म्हणाला. तोच ट्रॅफिक रुपेरीनेही सोसला होता, हे मी त्याच्या नजरेस आणले. तो हसला. निळीच्या सेवापुस्तिकेत 2014 नंतर एकही शिक्का नव्हता. रुपेरीचा मालक एकच, धंद्याने सर्जन. त्याने दर वर्षीच्या तेलबदलाची बिले तारीखवार लावून, वर अनुक्रमणिका जोडून ठेवली होती. पस्तीस वर्षांत इतकी नीटस फाइल मी फार थोड्या कचेऱ्यांत पाहिली.

पेच पडला तो असा. एकीचे कूळ निर्दोष, पण वर्तन संशयास्पद. दुसरीच्या कुळात खोट आणि वर्तन धुतल्या तांदळासारखे. साल हे कुळाबद्दल बोलते. समोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल ते काहीच बोलत नाही. नोकरीत माणसे निवडतानाही हा घोळ मी कितीदा पाहिला, आणि कबूल करतो, प्रत्येक वेळी योग्य बाजूने कौल दिला असे नाही.

त्या रात्री मी एक कोष्टक मांडले. आता त्यात तिसरे साल आले: गाडी मरावयाचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर सर्वोच्च न्यायालयानेही 29 ऑक्टोबर 2018 रोजी बजावले होते की, दिल्ली व भोवतालच्या राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्या चालू द्यावयाच्या नाहीत. पुढे 2025 मध्ये त्या बंदीला काहीशी मुरड पडली, परंतु आमचा हिशेब 2019 चा. दिल्लीत रुपेरी जानेवारी 2024 ला संपणार, निळी नोव्हेंबर 2024 ला. महाराष्ट्रात तसे नाही. तेथे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षे नोंदणी वाढवून मिळते. मी दोन रकाने केले, 'दिल्ली' आणि 'सांगली', आणि दोन्हींत दोन्ही गाड्यांची शिल्लक वर्षे, दरवर्षीची घट, संभाव्य दुरुस्ती असे आकडे भरीत बसलो. रात्रीचे अकरा वाजले. पत्नी पाण्याचा तांब्या ठेवावयास आली आणि माझ्या खांद्यावरून कागद वाचू लागली.

"तुम्ही गाडीचं वय दिल्लीत एक धरलंय आणि सांगलीत दुसरं."

"कायदाच तसा आहे."

"ते कळलं. आपलं कुठलं धरायचं, ते आधी ठरवा. मग गाडी आपोआप ठरेल." ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आणि हिला दोनच जागा आहेत ना? मग आई कुठे बसणार?"

मी पेन्सिल खाली ठेवली. गॅलरीतला दिवा चालू होता. आईला झोप लागत नसे. मी जाऊन शेजारी बसलो. तिने घराविषयी विचारले नाही. नुसतेच म्हणाली, "पाणी उतरलं की भिंतीला चुना लावायचा असतो. लांबवलं की माती धरते." पूर ऑगस्टात उतरला होता आणि तेव्हा नोव्हेंबर लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी द्वारकेच्या जागेचा विषय पत्नीनेच काढला आणि तिनेच मिटवला. तिला काय सोडावे लागत होते, ते मला ठाऊक होते; तिने ते बोलून दाखवले नाही, म्हणून मीही येथे फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की, गाण्याच्या क्लासाला निरोप देऊन आली त्या संध्याकाळी तिने स्वयंपाक केला नाही, आणि आम्ही बंगाली मार्केटमधून छोले-भटुरे आणून खाल्ले.

मी रुपेरी घेतली. 26 ऐवजी 25 लाख 40 हजारांत. निळीच्या निमित्ताने जे तीन लाख अधिक जावयाचे होते, ते सांगलीच्या घराला गेले: खालच्या दोन खोल्यांना नवी शहाबादी फरशी, गिलावा, विजेच्या तारा भिंतीत हातभर उंच. कुळातली खोट पत्करली, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या बेअरिंगचे पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मी तेल ठरल्या मुदतीच्या निम्म्यावर, दर सहा महिन्यांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी गाळणी स्वतः कापून, अंगणात फडक्यावर पसरून, भिंगाने पाहतो. शेजारची मुले आधी हसत. आता भिंग आणून देतात.

पत्नी आणि आई निझामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसने सांगलीस गेल्या. मी गाडीने निघालो. दुसऱ्या आसनावर रेल्वेतले स्नेही. त्यांना पुण्याला उतरावयाचे होते. दर थांब्यावर ते खाली उतरून गाडीच्या पोटाशी वाकत आणि तळव्याने काहीतरी चाचपून पाहत. काय चाचपता, असे मी एकदा विचारले. "सवय," ते म्हणाले. उदयपूरच्या पुढे अरवलीची वळणे लागली तेव्हा मात्र दोघेही बोलायचे थांबलो. इंजिन कानामागे गात होते. साठीच्या दोन गृहस्थांना ते जे काही वाटले, त्याचे वर्णन मी पुन्हा कधीतरी करीन.

दिल्लीचे ना-हरकत पत्र, सांगलीचा कर, तपासणी, मग एम.एच. 10 चा क्रमांक, या सर्वांस चार महिने लागले. त्यांत टाळेबंदीही आली. आपणांपैकी जे तरुण आहेत आणि ज्यांच्या बदल्या अजून व्हावयाच्या आहेत त्यांना 2021 पासून 'भारत' मालिकेचा क्रमांक घेता येतो. राज्य बदलले तरी नवी नोंदणी लागत नाही. आमच्या पिढीने प्रत्येक बदलीला गाडीचे नाव बदलले. जानेवारी 2024 मध्ये रुपेरीची कागदावरची पंधरा वर्षे पुरी झाली. दिल्लीत असती तर तिचे तेथले आयुष्य त्या महिन्यात संपले असते. येथे निरीक्षकाने झाकण उघडले, माझ्यासारखाच रिकाम्या पेटीकडे क्षणभर पाहत राहिला, चेसिस क्रमांकावरून बोट फिरवले आणि पाच वर्षे वाढवून दिली. आयात केलेल्या गाडीच्या नूतनीकरणाला 40,000 रुपये पडले. ते मी दिले. बोललो काही नाही.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी आम्ही थांबलो नाही. पत्नी धान्याचे डबे आणि कागदपत्रे घेऊन शेजाऱ्यांच्या जीपमधून मिरजेस पुढे गेली. मागे मी, रुपेरी आणि पंच्याऐंशी वर्षांची आई. पाऊस लागलेला होता. इतक्या खाली असलेल्या आसनात ती बसेल कशी, याची दीड वर्ष मला काळजी होती. त्या भीतीने मी तिला एकदाही गाडीत बसवले नव्हते. तिने लुगडे सावरले, दाराला धरले आणि सरळ खाली बसली.

"पाटावर बसल्यासारखं आहे," ती म्हणाली. "चांगली आहे."

मिरजेच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागे गावभागातले दिवे गेले होते. काचेवरचे पाणी पुसणाऱ्या त्या दोन दांड्यांकडे ती बराच वेळ पाहत होती.

"कुठल्या सालची रे ही?"

"कागदावर 2009 ची, आई."

"बरं. आणि खरी?"